पिशवीतला अडॅप्टर

मंगलताई,

हॉस्पिटलातून आलेली तुझी पिशवी मी तेराव्यापर्यंत उघडली नाही. दारामागच्या खुंटीला तशीच लटकत होती. शेवटी मनीषा म्हणाली, "अहो, आत ताईंचा डबा असेल, धुवायला तरी द्या." तेव्हा उघडली. डबा होता, चष्म्याची पेटी होती, खोकल्यासाठी ठेवायचीस ती खडीसाखर होती आणि तळाशी, वायर नीट गुंडाळून वर रबर लावलेला, तो अडॅप्टर. आपल्या दुकानातला, तुझ्या टेबलावरचा. मनीषा बघतच राहिली. "ऑपरेशनला जातानाही नेला त्यांनी?" मला आधी हसू फुटलं. थांबेचना. आणि मग ते हसू राहिलं नाही.

तिला वाटतं, तू चुकून नेलास. तू आणि चुकून! मी काही बोललो नाही. न बोलण्याची मला आता चांगलीच सवय झाली आहे, आणि त्याबद्दलच आज तुझ्याशी बोलायचंय. सहा वर्षांपूर्वीची एक गोष्ट माझ्या पोटात आहे. ती मी तुला सांगितली नाही. आता सांगतो, तर तू नाहीस. पण पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला जमणार नाही. तू म्हणायचीसच ना, सुन्याला विठ्ठलवाडीहून उल्हासनगरला जायचं असलं तरी तो आधी कर्जतला जाऊन येतो.

तर आपलं दुकान. पुढे काउंटर, तो माझा. मागे पडदा, पडद्याआड ती पंख्याची, धूळ आत न येऊ देणारी काचेची पेटी, ती तुझी. लोकांच्या हार्ड डिस्क बंद पडायच्या आणि आपण आतलं काढून द्यायचो. तुझे हात, माझं तोंड, अशी आपली वाटणी. अंबरनाथच्या कारखान्यात भिंगाखाली मीटरच्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवण्यात तुझी उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा मीच मोठेपणाने म्हणालो होतो, "घरी बसून काय करणार, दुकानात ये, फोन उचल." फोन तू महिनाभरसुद्धा उचलला नाहीस. एक दिवस माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतलास आणि म्हणालीस, "थरथरतोय तुझा हात. सरक." मी सरकलो तो सरकलोच.

डिस्क का मरते, हे मी गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटं समजावायचो. आत आरशासारख्या ताटल्या असतात, त्या गरगर फिरतात, त्यांच्यावर हेड नावाची बारीक टोकं तरंगत असतात, ताटलीला न टेकता, मध्ये केसाएवढीसुद्धा फट नसते, वगैरे. तू पडद्यामागून एका दमात संपवायचीस. "पडली, तापली, करंटने मारली, नाहीतर म्हातारी झाली." आणि जरा थांबून, "बाकीच्या मालकांनी मारल्या."

खोटं नव्हतं ते. आठवतो का तो शिवमंदिराजवळचा माणूस, ज्याने कुणाचं तरी ऐकून डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली होती? काउंटरवर ठेवली तर वरचा बर्फ वितळायला लागला आणि दुकानभर सुकटीचा वास. "मालक, डिस्क आणलीत की जेवण?" मी म्हणालो, आणि तू आतून ओरडलीस, "सुन्या!" मग तो दसऱ्याला पूजा करणारा. पूजा केली ते ठीक, पण डिस्कला जे श्वास घ्यायचं बारीक भोक असतं, 'हे झाकू नका' असं ज्याच्याशेजारी लिहिलेलं असतं, नेमकं त्यावरच हळदीकुंकवाचं बोट. तू त्याला रागावली नाहीस. "देवाला दुसरीकडे लावा हो, इथे तिला गुदमरतं," एवढंच म्हणालीस. तुझ्या जागी मी असतो तर अर्धा तास झापला असता.

पण तुझा खरा राग एकाच वाक्यावर होता. "एकदा परत लावून बघितली." आलेल्या दहा जणांतले नऊ जण हे म्हणायचे. डिस्क टकटक करते आहे, घासल्याचा आवाज येतो आहे, आणि हे महाशय ती परत लावून बघतात, संध्याकाळी परत, मेहुणा आला की त्याला दाखवायला परत. आत ते मोडकं टोक दर वेळी ताटलीवर घासत जातं, आणि जिथे घासतं तिथलं कायमचं जातं, ते जगातला कुणी परत आणू शकत नाही. "मोडक्या पायाच्या माणसाला चालवून बघता का हो, मोडलाय का म्हणून?" असं तू विचारायचीस. लोक गोंधळून माझ्याकडे बघायचे.

म्हणून तुझा कायदा होता. तयारी पूर्ण झाल्याशिवाय करंट नाही. आणि करंट देणार तू. मग कॉपी मारायचं काम माझं, पण आधी करंट तुझ्या हातचा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि डावा हात अडॅप्टरच्या बटणावर. नानकशेठ, आपला शेजारचा वायरवाला, तुला 'डॉक्टरनी' म्हणायचा ते त्याच्यावरूनच. परवा भेटायला आला होता. खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "सुनीलभाई, अभी डिस्क की नाडी कौन देखेगा?" मी म्हटलं, चहा घ्या.

आणि तुझ्या त्या पट्ट्या. प्रत्येक डिस्कवर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने तुझं बारीक अक्षर. काय आवाज आला, काय बदललं, आणि एक आकडा. डिस्क आपण किती वेळा चालू झालो ते स्वतःच्या पोटात लिहून ठेवते, दर वेळी एकाने वाढवते, हे मला तूच दाखवलंस. मी विचारलं, "हा आकडा लिहून काय लोणचं घालायचंय?" तू म्हणालीस, "असू दे. ती खोटं बोलत नाही." तेव्हा मी हे वाक्य कानामागे टाकलं.

मग ते पुराचं वर्ष. उल्हास नदीचं पाणी बदलापुरात घरांत शिरलं आणि पुढचा महिनाभर आपल्याकडे चिखलाने माखलेल्या डिस्का येत राहिल्या. तू फोनवर बसून ओरडत होतीस. "सुकवू नका! उन्हात ठेवू नका! ओल्या फडक्यात गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा आणि ओलीच आणा!" लोकांना वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. ओली झालेली वस्तू ओलीच ठेवा म्हणते. चिखल ओला असला तर पुसता येतो, वाळला की ताटलीला धरून बसतो, हे सांगेपर्यंत अर्ध्यांनी फोन ठेवलेले असायचे.

किसनने फोनच केला नाही. तो सरळ आला, सोनिवलीहून, छातीशी डबा धरून. गावांतल्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा पोरगा. त्याचा कॉम्प्युटर पाण्याखाली गेला होता आणि डिस्क त्याच्या आईने, येसूबाईंनी, धुऊन पुसून तांदळाच्या पिंपात घातली होती. आठ दिवस! मोबाइल भिजला की तांदळात घालतात, तर हिला का नको? त्या माउलीने नवा तांदूळ घातला होता, वरून झाकण लावलं होतं आणि रोज उघडून बघत होती. तू झाकण काढलंस, आतला कोंडा बघितलास आणि म्हणालीस, "अगं बाई." पण किसनला मात्र म्हणालीस, "बघू. वेळ लागेल."

त्या डिस्कवर किती तरी लग्नं होती, पण किसनला एकच पाहिजे होतं. त्याची आजी धवलारीण होती. त्यांच्याकडे लग्नाचे विधी चालू असताना मांडवात बसून धवळे गाणारी बाई ती धवलारीण. पंचक्रोशीतली लग्नं तिच्या आवाजाशिवाय लागायची नाहीत. पुराच्या आदल्या वर्षी आजी गेली. गाणी तिने कुठे लिहिली नव्हती, तिला लिहिता येतच नव्हतं. होतं ते किसनने शूट केलेल्या एका लग्नात, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्याची एकच प्रत, त्या डिस्कवर. "ताई, बाकी काय नाय आला तरी चालंल," तो म्हणाला. "आजी पायजे."

तीन आठवडे तू ताटल्या पुसत होतीस. दुसऱ्या एका मेलेल्या डिस्कचे हेड काढून हिला बसवलेस. एका सकाळी काही सेकंद करंट दिलास, आकडा वाचलास, पट्टीवर लिहिलास, कान लावलास आणि बंद केलीस. "खालच्या ताटलीची खालची बाजू परत पुसायला पाहिजे. जेवून येते, मग करते. तोवर हात लावू नकोस." आणि गेलीस, नानकशेठच्या माळ्यावर, कारण काचेच्या पेटीच्या आसपास अन्नाचा कण तुला चालत नसे.

तेवढ्यात किसनचा फोन आला. "भाऊ, झाला काय? जिवंत हाय काय?" त्याचा आवाज असा होता की मला राहवेना. थांब, असा आणीन खबर की उडी मारशील, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, "बघून सांगतो." आत गेलो. अडॅप्टर टेबलावरच होता. बटण दाबलं. ताई, दिवा लागला. कॉम्प्युटरने तिचं नावसुद्धा दाखवलं. अर्धं मिनिट मी राजा होतो. मग खालून आवाज आला, खर्रर्र, पाटीवर खिळा ओढावा तसा. मी वायर उपटली. तू ठेवली होतीस तशीच सगळी मांडामांड केली. काउंटरवर येऊन बसलो आणि किसनला फोन केला की ताई जेवायला गेलीय.

तू आलीस, पुसलंस, लावलीस. तोच आवाज. लगेच बंद केलीस, उघडलीस, दिव्याखाली धरलीस. खालच्या ताटलीवर, पुसताना न दिसलेलं, एक बारीक कडं उमटलं होतं, बांगडीसारखं गोल. तू किती तरी वेळ ते बघत होतीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सुन्या, माझ्याकडूनच काही तरी राहिलं बहुतेक."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुझ्याकडून कसलं राहतंय ताई! पुरातली होती, त्यात तांदळात घातलेली. तांदळानेच मारली तिला." किसनलाही तेच सांगितलं, चांगलं ठासून. तो मान खाली घालून बसला. तू मध्येच म्हणालीस, "नाही रे किसन, तांदळाने नाही." मला वाटलं, त्याच्या आईला बरं वाटावं म्हणून बोलतेस. निम्म्याच्या वर लग्नं तू दुसऱ्या बाजूंवरून काढून दिलीस. आजीचं लग्न मात्र त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अडॅप्टर तुझ्या डब्याच्या पिशवीत जायला लागला. एक वाजला की टेबलावरून काढायचा, वायर गुंडाळायची, रबर लावायचं, पिशवीत. हळदीकुंकवाला नेलास, सोमवारी मंदिरात नेलास, मनीषाच्या भावाच्या लग्नात, एवढी पैठणी नेसून, हातात तीच पिशवी. "अगं, अडॅप्टरला पण भूक लागते का?" मी सगळ्यांसमोर विचारायचो. "लागते. तू गप्प बस," तू म्हणायचीस. लोकांना मी सांगायचो, माझ्या बहिणीला शॉर्टसर्किटची भीती वाटते. तू कधी नाही म्हणाली नाहीस. तसले अडॅप्टर आपल्या गल्लीत ढिगाने मिळतात. दुसरा आणून ठेवायला मला पाच मिनिटं लागली नसती. सहा वर्षांत आणला नाही. आणावासा वाटलाच नाही, कारण त्या दिवसापासून मला माझ्याच हाताची भीती बसली होती.

आपलं भांडण व्हायचं ते मात्र कपाटावरून. मेलेल्या डिस्कांचं ते कपाट. "भंगारात दे गं, जागा अडलीय," मी. "त्यांचे हेड उपयोगी पडतात," तू. एकदा मी चिडून वरचा कप्पा रिकामा करायला घेतला तर तू असा हात धरलास की वळ उठला. वरच्या कप्प्यात किसनची डिस्क होती हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, ती कधीच परत गेली.

हॉस्पिटलात, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, तू म्हणालीस, "पिशवी घेऊन जा." मी म्हटलं, "असू दे, उद्या नेतो." "आज ने. आणि माझ्या टेबलाकडे जाऊन ये." माझा आवाज चढला. "ताई, कृपा कर, दुकान डोक्यातून काढ जरा!" तू हसलीस. मी उशी नीट केली आणि निघालो. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर खूश होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तुझं हृदय थांबलं. उशी नीट केली, एवढंच माझ्या खात्यावर आहे.

पिशवी उघडली त्याच दिवशी मी दुकानात गेलो. चौदा दिवसांनी शटर वर केलं. पडदा सारला. काचेच्या पेटीत किसनची डिस्क होती, पूर्ण जोडलेली, झाकण बंद, सगळे स्क्रू घट्ट. वर पट्ट्यांवर पट्ट्या. मी चष्मा लावला आणि सर्वांत खालची, पिवळी पडलेली, आधी वाचली.

"सकाळी ४१२७. दुपारी ४१२९. मधलं एक माझं नाही."

ताई, मी बोटांवर मोजलं. सत्तावीस तुझं, एकोणतीस तुझं, मधलं अठ्ठावीस माझं. म्हणजे तुला त्याच दुपारी कळलं होतं. डिस्कने तुला सांगितलं होतं. "माझ्याकडूनच काही तरी राहिलं बहुतेक" असं तू म्हणालीस तेव्हा आकडा तुझ्यासमोर होता. तू मला दार उघडून देत होतीस, सुन्या, बोल, असं. आणि मी तांदळावर ढकललं. तू एक शब्द बोलली नाहीस. ओरडायचं होतंस ना गं! दोन मुस्काटात द्यायच्या होत्यास, लहानपणी द्यायचीस तशा. तू फक्त अडॅप्टर जेवायला न्यायला लागलीस. ते वाचून मला खूप राग आला तुझा. खरं सांगतो, आला. सहा वर्षं मी रोज दुपारी चेष्टा करत होतो आणि तू रोज दुपारी ऐकून घेत होतीस.

मग वरच्या पट्ट्या वाचल्या. वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेल्या. "हेडचा जोड मिळत नाही." "मिळाला, जुळला नाही." "हाही नाही." "नानकशेठच्या ओळखीने एक आला. जुळला." माझ्या नाकाखाली, मी पुढे बडबडत असताना, तू वर्षानुवर्षं हे करत होतीस. आणि सर्वांत वर एक नवीकोरी पट्टी.

"तयार. हा शेवटचा जोड. बाहेरून कड्यापर्यंत, मग आतून कड्यापर्यंत. कड्यावर जायचं नाही. करंट सुन्या देईल."

शेवटचे तीन शब्द मी किती वेळा वाचले कोण जाणे. अडॅप्टर माझ्या हातात होता. टेबल समोर होतं. पण मी लावला नाही. तेवढी अक्कल तू मला दिली आहेस. तयारी पूर्ण नव्हती. एक काम राहिलं होतं, आणि ते सोनिवलीला होतं.

स्कूटर काढली. नव्या टॉवरांच्या मागे त्यांची जुनी आळी आहे, तिथे किसन अंगणात कॅमेरा पुसत बसला होता. येसूबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. तू गेल्याचं त्यांना कळलेलं होतं, दोघंही उठून उभे राहिले. मी बसलोसुद्धा नाही. वाटेत ठरवलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "डिस्क तांदळाने गेली नव्हती. मी घालवली. ताई नाही म्हणाली होती, तरी मी लावून बघितली. आणि खापर तुमच्यावर फोडलं."

येसूबाईंनी सूप खाली ठेवलं. "तांदलानं नाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही. तांदळाने त्रास झाला, पण ताईने ते सगळं पुसून काढलं होतं. ती जगली असती." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर डोळ्यांना लावला. किसन हळूच म्हणाला, "भाऊ, सहा वर्सं ही पिंपात हात घालताना रोज बोलते, माज्या हातानं सासूचा आवाज मेला. मी किती सांगतलं, नाय ऐकत." मला वाटलं, आता हा मला हाकलणार. मला तेच बरं वाटलं असतं. तो तोंड फिरवून उभा राहिला. बोलल्या त्या येसूबाईच. "मंगलताय मना दोनदा बोलली व्हती, तुज्यानं नाय झाला म्हणून. मना वाटला, बरी बाय हाय, मन राखते." आणि मग एकदम, "मंग आता लाव ना. माज्यासमोर लाव."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात आले. मी येसूबाईंना तुझ्या स्टुलावर बसवलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कवर ठेवलं, मूठ कानाला लावली. हात थरथरत होता, तुला माहीतच आहे. मी मनात म्हटलं, सरक म्हण ना एकदा. मग बटण दाबलं. तुझ्यासारखं मला काही सगळं कळत नाही, पण आवाज एकसारखा होता, मऊ, घासत नव्हता. आकडा आला. मी पट्टीवर लिहिला आणि पुढे माझं नाव घातलं, पूर्ण.

तू सांगितलंस तसंच केलं. आधी बाहेरून, मग आतून. कड्याच्या अलीकडे थांबलो, पलीकडे थांबलो. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू, थोडं तरी कड्यावर जाऊन बघावं. नाही गेलो. दोन दिवस डिस्क चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी थकली, टकटक करायला लागली, आणि मी बंद केली. परत लावून बघितली नाही.

आजी आली, ताई. मांडवात पाटावर बसलेली, डोक्यावरून पदर, एक हात कानावर. लहानसा आवाज असेल असं मला वाटलं होतं. छे! दुकान भरून गेलं, नानकशेठ वायरीचं भेंडोळं हातात घेऊन दारात आला आणि तिथेच उभा राहिला. किसन उभ्याउभ्या रडत होता. येसूबाई रडत नव्हत्या, ओठ हलवत होत्या, आजीच्या बरोबरीने. मग चित्र अडलं. कड्याची जागा. पडदा काळा, आवाज नाही. मी मोजलं नाही, पण बराच वेळ गेला असेल. माझी मान वर होईना. हे माझं भोक, आणि हे आता कायमचं. परत चित्र आलं तेव्हा आजी पुढचं गात होती.

येसूबाई माझ्याकडे वळल्या. "हितं काय गेला नाय," त्या म्हणाल्या. "हितं ती पान खायाला थांबली व्हती."

खरं सांगत होत्या की माझं मन राखत होत्या, ते मी विचारलं नाही. तुझ्याच पंगतीतली बाई निघाली ती.

चुकलं माझं, ताई. हे तीन शब्द तुझ्यासमोर बोलायला मला सहा वर्षं होती, दुकानात आपल्यामध्ये एक पडदा होता फक्त. तू मला कधी पकडलं नाहीस, याबद्दल तुझे उपकार मानू की भांडू, ते अजून ठरत नाही. काही दिवस मानतो, काही दिवस भांडतो. मनीषा म्हणते, एकटेच बडबडता. कपाट मात्र मी हलवणार नाही. ते भांडण तू जिंकलंस.

आज दुकान नेहमीसारखं सुरू आहे. सकाळी एक जण आला, अंबरनाथचा, म्हणाला, "टकटक करत होती, म्हणून एकदा परत लावून बघितली." मी त्याला झापलं नाही. डिस्क घेतली, पट्टी लावली. एक वाजता भूक लागली तेव्हा टेबलापाशी गेलो, अडॅप्टर काढला, वायर गुंडाळली, रबर लावलं आणि तुझ्या पिशवीत, डब्याशेजारी ठेवला. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी घेऊन गेलो.